चेहरा शाबूत

हरवलेली वस्तू शोधू लागले की ती सोडून बाकी सगळे सापडते, हा आमच्या घरचा नित्याचा अनुभव. चष्मा शोधावा तर गेल्या वर्षीची विजेची बिले हाती लागतात. इंग्लंडातल्या सफक परगण्यात, हॉक्सन नावाच्या खेड्यात, १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन तो हुडकायला गेला, तर हाती लागली रोमन नाणी! एक-दोन नव्हे, पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक चांदीची. हातोडाही मागाहून सापडला. तोसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला, आता बोला!

ही नाणी इ. स. ४०७ नंतर केव्हातरी पुरलेली. रोमची सत्ता ब्रिटनमधून उठत चालली होती, नवे नाणे येईनासे झाले होते. लोकांनी नाण्यांच्या कडा कातरून चांदी बाजूला काढली. चांदीची जवळजवळ सगळीच नाणी अशी कातरलेली आहेत. पण मधल्या सम्राटाच्या चेहऱ्याला मात्र कुणी कात्री लावली नाही. चेहरा शाबूत तोवर नाणे चालायचे. त्या कातरणाऱ्यांचे मला मोठे कौतुक वाटते.

आमच्या सराफाजवळ असला मुलाहिजा नाही. मागे कॉलेजचे पगार चार महिने थकले, तेव्हा आजीचे एकवीस राणीछाप रुपये घेऊन मी पेढीवर निघालो. "एक राहू द्या, लक्ष्मीपूजनाला लागेल," असे म्हणून हिने एक काढून घेतला. उरलेले वीस सराफाने तराजूत ओतले. राणीकडे ढुंकूनही पाहिले नाही. रुपया म्हणजे तोळा, एवढाच त्याचा हिशेब. आजीने ते कशासाठी जपले होते, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

हॉक्सनच्या धन्याने विकले नाही, पुरले. तेही कसे? लाकडी पेटीत गवत घालून, चमचे नीट रचून, आतल्या डब्यांना चांदीची इवलीशी कुलपे लावून. पुन्हा येऊन उघडायचे, याच हिशेबाने माणूस असे भरतो. तो आला नाही. पेटीतल्या एका सोन्याच्या कंकणावर ज्युलियाना नावाच्या बाईसाठी शुभेच्छा कोरलेली आहे. झाकण लावताना तीही म्हणाली असेल, एखादे तरी नाणे बाहेर राहू द्या.