अकिहाबारातील चढण

टोकियोच्या अकिहाबारा पेठेत हिंडताना माझ्या पिशवीत ‘निन्टेन्डो स्विच’ होता आणि त्यात १९८१ सालचा ‘डाँकी काँग’. ‘हॅम्स्टर’ने २०१८ साली पुन्हा काढलेला. २५ मीटरपासून १०० मीटरपर्यंत लोखंडी तुळयांचे चार टप्पे, वरून गडगडत येणारी पिंपे. नायकापाशी एक उडी, अन् सापडलाच तर हातोडा!

खेळघरात डावाला १०० येनांचे नाणे मोजावे लागते. इथले ‘सेगा’चे एक मोठे खेळघर २०२० साली मिटले. हातातल्या यंत्रात बोट दाबले की नाणे पडते, तेही फुकट! हरण्याची किंमतच गेली, तर जिंकण्याला चव कुठली?

मग मी नेम केला, वाचकहो : तीन जीव संपले की डाव संपला. त्या दिवशी ५० मीटरपुढे गेलो नाही. छाती मात्र धडधडली.