मोडीचं लोखंड

डंपस्टर आला तेव्हा पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री 'आयडा' वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. नेवार्कला त्या एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाणी पडलं. एडिसनमधलं आमचं तळघर छातीपर्यंत भरलं. पाणी उपसल्यावर मागे राहिलं ते सगळं फुगलेलं, कुबट वासाचं. गालिचे, भिंतींचे जिप्समचे तक्ते, पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक. आणि गणपतीचं मखर. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने केलेलं, प्लायवूडचं, पितळी बिजागऱ्यांवर घडी होणारं. गणपती सहा दिवसांवर आले होते.

त्या आठवड्यात डंपस्टर भाड्याने मिळणं मुश्किल होतं. आम्हांला शनिवारी सकाळी मिळाला, आठ दिवसांसाठी. ड्रायव्हरने आधी खाली उतरून डांबरावर लाकडी फळ्या टाकल्या. मग ट्रकची पाठ तिरकी झाली, तारेचा दोर सैल पडत गेला आणि बावीस फुटांचं ते लोखंडी धूड मागच्या चाकांवर टेकून हळूहळू दारात उतरलं. वीस यार्डांचा डंपस्टर. रिकामाच दोन टनांच्या आसपास. मालाची वरची पातळी बाजूंच्या कडेच्या वर जाता कामा नये, रंगाचे डबे, टायर, बॅटऱ्या टाकायच्या नाहीत, एवढं सांगून तो पुढच्या घरी गेला. आमच्या गल्लीतच त्याचे आणखी दोन होते.

मागचं दार उघडून मी आत गेले. एवढ्या जवळून अशी वस्तू मी कधी पाहिली नव्हती. बाजूच्या पत्र्यांना आतून पोक आलेलं, बाहेरून काठाला टवके उडालेले. केशरी रंगाच्या टवक्यातून हिरवा दिसत होता, हिरव्याखाली तपकिरी, आणि त्याच्याखाली गंज. दर रंग म्हणजे एक मालक असेल, नाहीतर नुसती एक डागडुजी. पण मला थांबवलं ते तळाने. मधोमध एक मोठा चौकोनी पत्रा वेगळाच होता, नंतर बसवलेला. त्याच्या चारी कडांनी वेल्डिंगची रेघ गेली होती, लहान लहान लाटा एकमेकींवर चढल्यासारखी. गोधडीला लावलेल्या ठिगळाचे टाके असेच दिसतात. कुणीतरी तिथे गुडघ्यांवर बसून, तोंडावर मुखवटा ओढून, इंच इंच पुढे सरकत ती रेघ ओढली असणार.

तळच आधी जातो. बाजूंचे पत्रे अडीच-पावणेतीन मिलिमीटरचे असले तरी निभतं, पण तळाला पावणेपाच मिलिमीटर जाडी लागते, कारण वरून काँक्रीटचे तुकडे आदळतात, आतलं घाण पाणी झिरपून तिथेच साचतं, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ खालून खातं. तळ कुजला की कापून नवा बसवायचा, वरून रंग द्यायचा आणि पुन्हा कुणाच्या तरी दारात पाठवायचं. अशी दहा-पंधरा वर्षं जातात. या लोखंडाला कुणी चांगल्या दिवशी बोलावत नाही, असं मला त्या दिवशी फार वाटलं. पूर येतो, घर जळतं, म्हातारं माणूस गेल्यावर मुलं खोली रिकामी करतात. घर नव्याने बांधायला काढलं तरी आधी तोडफोडच असते.

त्याचं नावही एका माणसाचं आहे. जॉर्ज डेम्पस्टर हा टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा. तरुणपणी पनामा कालव्यावर वाफेच्या फावड्यावर राबलेला, पुढे गावाचा महापौर झालेला. १९३० च्या दशकात त्याने नि त्याच्या भावांनी यंत्राने उचलता येणारी पेटी आणि तिचा ट्रक काढला, आणि 'डेम्पस्टर'वरून त्या पेटीला 'डंपस्टर' नाव पडलं. आमच्या दारातला हा घसरत उतरणारा प्रकार त्याच्या पेटीहून निराळा, पण नाव सगळ्यांना तेच. पॅरिसमध्ये १८८४ पासून घराघराला कचऱ्याची पेटी सक्तीची करणारे पूबेल यांचं नावही तिथल्या डब्याला असंच चिकटलं. दोघांचीही नावं लोक रोज घेतात. पुतळ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत आमचा डंपस्टर अर्धा भरला. दिवाळी अंक मी स्वतः टाकले, एकेक करून, मुखपृष्ठ बघत. मखर उचलताना मात्र हात चालेना. नवरा काही बोलला नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर आणला, फुगलेल्या प्लायवूडमधून पितळी बिजागऱ्या सोडवल्या, फडक्याने पुसल्या आणि खिशात टाकल्या. मग आम्ही दोघांनी मिळून मखर आत ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं.

रात्री पुण्याहून आईचा फोन. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "आणि मोडीत काय मिळालं गं?" मला क्षणभर कळेचना. तिला वाटत होतं, एवढं लोखंडी काहीतरी दारात आलंय म्हणजे सामान वजनावर घेऊन जाणार. तिच्या लेखी घरातून वस्तू जाते ती बोहारणीकडे, रद्दीवाल्याकडे, नाहीतर मोडीत. मी सात-आठ वर्षांची असताना ती मला तांबट आळीत घेऊन गेली होती. आजीचं चेपलेलं, बूड गेलेलं तांब्याचं तपेलं मोडीत घालायला. ठोक्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तपेलं तराजूत गेलं तशी मी रडायला लागले. आई म्हणाली, "अगं, तांबं कुठे जात नाही. घाट बदलतो." आता कुणाला मोडीत काढलं म्हणजे अपमान झाला असं आपण समजतो. त्या आळीत तो शब्द असा नव्हता. मोडीत घालणं म्हणजे पुन्हा आगीजवळ नेणं.

तिला सांगायला हवं होतं की आतलं सामान नसलं, तरी हा डंपस्टर स्वतः मोडीतलाच आहे. अमेरिकेत सुमारे सत्तर टक्के पोलाद विजेच्या भट्टीत होतं, आणि त्या भट्टीचं मुख्य खाद्य म्हणजे भंगार. ठिगळ लावायलाही जागा उरली नाही की डंपस्टर कापतात. तुकडे भट्टीत पडतात, ग्राफाइटच्या कांड्यांतून वीज कडाडते, सोळाशे अंशांच्या आसपास सगळं एकजीव होतं. केशरी, हिरवा, तपकिरी, सगळे रंग जळून जातात. कुणाच्या दारात किती दिवस उभा होता, तेही. जर्सी सिटीच्या धक्क्यावर अशा भंगाराचे डोंगर मी कितीदा पाहिलेत. तिथून जहाजं तुर्कस्तानला जातात, भारतातही जातात.

पुढच्या शनिवारी आमच्या दारातला डंपस्टर गेला. आदल्याच दिवशी गणपती बसले होते, पुठ्ठ्याच्या मखरात. तारेचा दोर ताणला, डंपस्टरचं नाक उचललं गेलं आणि आमचं तळघर ताडपत्रीखाली झाकलेलं वळणावरून दिसेनासं झालं. डांबरावर फळ्यांचे दोन फिके पट्टे राहिले, ते थंडी येईपर्यंत दिसत होते.

दीड वर्षाने मी पुण्याला गेले तेव्हा भाऊ घरावर मजला चढवत होता. जालन्याहून सळया आल्या होत्या, अंगणात उन्हात पडलेल्या. जालन्याच्या भट्ट्यांतही भंगार वितळतं, देशातलं तसंच समुद्रापलीकडून आलेलंही. आई पायरीवर बसून शेंगा निवडत होती. मी वाकून एका सळईवर हात ठेवला. चांगलीच तापली होती.

"ताई, हात काळा होईल," मिस्त्री म्हणाला, आणि पुसायला त्याने खांद्यावरचा पंचा पुढे केला.