मंद नाडी आणि तपाचे खाते

माझी नाडी मिनिटाला 50 च्या आसपास चालते, हे काही वर्षांपूर्वी कळले. विश्रांतीत 60 ते 100 ठोके सामान्य मानतात. तरी नियमित धावणाऱ्यांची वा गाढ झोपेतील माणसाची नाडी याहून मंद असते आणि त्यात वावगे काही नसते. माझा ईसीजी काढला, थायरॉइड तपासले, रक्तदाबाची गोळीही बदलली. बीटा-ब्लॉकर औषधे ठोके मंदावतात. पुढे केवळ लक्ष ठेवावयाचे होते.

व्यापाऱ्याला आकडा प्रिय. पण येथे आकडा एकटा फारसे सांगत नाही. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना पूर्वी न लागणारा दम, अकारण थकवा यांपैकी काही जोडीला आले तर विनाविलंब दाखवावे. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

खरा पेच पर्युषणात पडतो. अठ्ठाईच्या चौथ्या दिवशी आलेली चक्कर उपवासाची की हृदयाची, हे घरच्यांना कसे ओळखावे? आपल्याकडे ती तपाच्या खाती जमा होते! वास्तविक पच्चक्खाणातच सर्वसमाधीचा आगार आहे. देहाच्या व्याधीचा विचार पूर्वाचार्यांनी आधीच करून ठेवला.

यंदा मी प्रथम हृदयतज्ज्ञांना विचारले, मग महाराजसाहेबांपुढे सारे मांडले. अठ्ठाईऐवजी एकासणी ठरली. गोळी त्याच जेवणाच्या वेळी. सूनबाईंनी ईसीजीची प्रत माझ्या सामायिकाच्या थैलीत, चरवळ्याशेजारी ठेवली आहे.