नॅचेझचे वाडे आणि विटा पाडणारे हात

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नदीच्या उंच काठावर नॅचेझ नावाचे एक लहान गाव आहे. आमचा भाचा त्या देशात नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिथे जाऊन आलो.

हे गाव जुन्या वाड्यांसाठी आणि चर्चसाठी प्रसिद्ध आहे. १९३२ साली तिथल्या महिलांनी लोकांना वाडे दाखवण्याची प्रथा सुरू केली. पांढरे खांब, मोठाले दिवाणखाने. हे सारे वैभव कापसाच्या पैशाचे, आणि तो कापूस गुलामांनी वेचलेला.

‘मेलरोज’ वाड्यात जेवणाच्या टेबलावर लाकडाचा एक मोठा झोपाळ्यासारखा पंखा टांगलेला आहे. त्याचे तिथले नाव ‘पंका’, म्हणजे आपलाच शब्द! मालक जेवत असताना गुलामाने कोपऱ्यात उभे राहून दोरी ओढायची. मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या आजही जपून ठेवल्या आहेत.

‘लाँगवूड’ हा वाडा आठ कोनांचा. १८६० मध्ये काम सुरू झाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा उत्तरेकडचे कारागीर काम टाकून निघून गेले. वरचे मजले अजून नुसत्या विटांचे आहेत. आमच्या मंडळींचे माहेर वीटभट्टीवर राबलेले. त्या उघड्या भिंतींकडे पाहून त्यांनी विचारले, “या विटा कुणी पाडल्या हो?” भाच्याने वाडा दाखवणाऱ्या बाईंना विचारले. उत्तर आले, “गुलामांनी.” मंडळींनी भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गावाच्या कडेला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ नावाचा तिठा आहे. इथे माणसांचा बाजार भरत असे. १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजेने गाव घेतले आणि तो बाजार कायमचा उठला. आता तिथे वाडा नाही, इमारत नाही. जमिनीत बसवलेल्या साखळदंडाच्या कड्या तेवढ्या दिसतात.

मग चर्च पाहिली. सेंट मेरी चर्चचा पाया १८४२ चा, शिखर उंच. पण आम्ही अधिक वेळ थांबलो तो ‘झायन चॅपल’पाशी. इथले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हायरम रेव्हल्स १८७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ज्या गावात माणसे विकली, त्याच गावातून हा माणूस कायदे करायला गेला!

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी ते नाते ओळखले होते.

वाचकहो, सुटीत मुलांना किल्ले, राजवाडे, लेणी जरूर दाखवा. कुणी बांधले, हे पाटीवर लिहिलेले असते. दगड कुणी वाहिला, हे मुलांना विचारायला शिकवा.