अडतीस की बेचाळीस?

आमचं गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर! त्यामुळे होस्टेलवर निम्म्या जणी मला नवी मुंबईची समजतात. असो. हा किस्सा श्रीरामपूरच्या आमच्या घरातला.

आजीच्या खोलीतली जुनी शहाबादी फरशी उखडली होती. एकदा तिचा पाय अडखळला, तेव्हा पप्पांनी ठरवलं, दिवाळीआधी नवीन टाइल्स बसवायच्याच. मिस्त्री काका खोलीत एक चक्कर मारून म्हणाले, "दीड ब्रासला जरा कमी. अकरा बॉक्स आणा." कॉन्व्हेंटवाल्या मला ब्रास म्हणजे पितळ एवढंच माहीत! फरशीच्या कामात ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, हे पप्पांनी सांगितलं.

मग मी टेप घेतला. खोली ३.४ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे १३.६ चौरस मीटर. 'दोन बाय दोन'ची टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. भागाकार ३७.७८, म्हणजे ३८ टाइल्स. बॉक्समध्ये चार, म्हणून दहा बॉक्स पुरे, वर दोन शिल्लक! "काका, तुम्ही एक बॉक्स जास्त सांगताय," मी बोलून गेले. काका गप्प बसले. 'पोरगी इंजिनिअरिंगला आहे' म्हणून पप्पांनी दहाच आणले.

एक टाइल फुटली आणि शेवटी तीन कमी पडल्या. दुकानात तो लॉट संपलेला. नवीन लॉटचा रंग किंचित वेगळा.

माझा उतरलेला चेहरा बघून काकांनी पेन्सिलीने चौकटी आखल्या. "हे बघ बाळा, या बाजूला पाच अख्ख्या नि एक तुकडा, म्हणजे सहा. त्या बाजूला सहा अख्ख्या नि एक तुकडा, म्हणजे सात. सहा साते बेचाळीस. दोन फुटतुटीला. झाले अकरा बॉक्स."

तुकडा ४०० मिलिमीटरचा. कापल्यावर उरते २०० ची पट्टी, तिच्यातून दुसरा तुकडा कसा निघणार? मी भागाकार करून शेवटी एकदाच वरचा पूर्णांक घेतला. तो दोन्ही बाजूंना आधी घ्यायचा आणि मग गुणायचं. सी प्रोग्रॅमिंगच्या सबमिशनला हेच सीलिंग फंक्शन मी किती वेळा लिहिलं असेल! आणि उरलेल्या पट्ट्या? त्या मधोमध कापून काकांनी भिंतीला चार इंची स्कर्टिंग लावली. ती तर मी मोजलीच नव्हती.

वेगळ्या रंगाच्या तीन टाइल्स आजीच्या कॉटखाली गेल्या. पप्पा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. काकांना मात्र मी त्याच दिवशी सॉरी म्हटलं. ते हसून म्हणाले, "चहा टाक."

सुट्टीत घरी कुणी टाइल्सचा हिशोब विचारला, तर क्षेत्रफळ जरूर काढा. पण आधी ओळी मोजा, आणि मिस्त्रींना विचारा.