काटा लाल रेघेवर

घरातली एखादी वस्तू आपल्या हातून बिघडली, की ती दुरुस्तच करावी असं आपल्याला जरा जास्तच वाटतं, नाही का? मग तो मिक्सर असो की शिलाईचं मशीन. माझ्या हातून तर मोटारीचं इंजिन गेलं!

मे २०२५ मधली गोष्ट. पुण्याचं लग्न आटोपून आम्ही साताऱ्याला परतत होतो. गाडी मी चालवत होते. शेजारी हे डुलक्या घेत होते, मागे सासूबाई आणि मुलं. खंबाटकीचा घाट चढताना इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकलेला मला दिसला. हो, दिसला! पण मागे ट्रकांची रांग. म्हटलं, माथा आला की थांबू. माथ्याच्या अलीकडेच गाडी बंद पडली आणि बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. (अशा वेळी रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका हं. तापलेल्या कुकरचं झाकण आपण उघडतो का?)

गॅरेजवाल्यांनी ऑईलची पट्टी काढून दाखवली. रंग थेट दुधाळ चहाचा! रबरी पाइप चिरून पाणी गळून गेलं होतं, इंजिन तापून वरचं हेड वाकलं होतं आणि गॅस्केट फुटून उरलंसुरलं पाणी ऑईलमध्ये शिरलं होतं. "वहिनी, काटा चढल्याबरोबर इंजिन बंद केलं असतं, तर नुसत्या पाइपवर भागलं असतं," ते सहज म्हणाले. मी आपली जमिनीकडे बघत राहिले. नेहमीचा विमा अशा बिघाडाला चालत नाही, हेही तेव्हाच कळलं.

घरी मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त लागलं. हे म्हणाले, "अकरा वर्षं झाली गाडीला, आता नवीनच घेऊ." मी हट्टाला पेटले. दुरुस्तच करायची, आणि शिकवण्यांतून साठवलेल्या माझ्या पैशांतून! दोन दिवस आमच्यात धड बोलणं नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझी चूक जरा बाजूला ठेव आणि गाडीचं काय ते बघ."

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. नव्या गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं, तर नऊ टक्के व्याजानं महिन्याला दहा हजारांहून जास्त हप्ता. शिवाय नव्या गाडीची किंमत विम्याच्या हिशोबात पहिल्या वर्षअखेरीलाच पंधरा टक्क्यांनी उतरते. आमच्या गाडीचं हेडचं काम २८,८०० रुपये. गाडी २०१४ सालची. नोंदणीची पंधरा वर्षं पुरी व्हायला चार वर्षं होती. म्हणजे महिन्याला सहाशे रुपये पडले! पुढे तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण ती आम्ही हिशोबात धरलीच नाही.

पण हे सगळं खरं कधी? खाली सिलिंडर ओरखडले नसतील तर. तसं असतं तर खर्च दुपटीवर गेला असता. म्हणून आधी फक्त इंजिन खोलायचे पैसे देऊन आत काय आहे ते बघायचं ठरवलं, आणि सिलिंडर गेले असतील तर गाडी आहे तशी विकायची, हेही मी कबूल केलं. ते कबूल करताना घसा दाटून आला, खोटं कशाला सांगू? मी स्वतः गॅरेजमध्ये उभी राहिले, पायाखालच्या चटया उचलायला लावून पत्रा गंजलाय का तेही पाहिलं. पत्रा ठणठणीत होता. सिलिंडरही वाचले होते. हेड फेसिंगला गेलं, पाइप सगळे बदलले, आठ दिवसांत गाडी दारात आली. पैसे निम्मे-निम्मे घातले.

दिवाळीत पुन्हा पुण्याहून येताना घाटाच्या पायथ्याशी मी गाडी बाजूला घेतली, काटा पाहिला आणि मगच चढायला लागले. ह्यांनी वाटेत डोळा लावला नाही. दोघांचंही लक्ष काट्यावर होतं आणि मागे सासूबाई मुलांना चिवडा वाटत होत्या.