पाकिटामागचे आकडे

पाकीट उलटून पाहण्याची सवय आपल्या घरांत आहेच. जिलेटिन कशाचे, १२० म्हणजे किड्यापासूनचा रंग, ४७१ मधली चरबी कुठली, हे आपल्या भगिनी बारकाईने वाचतात. तिथेच कधी १०२ आणि ११० असतात: टारट्राझिन आणि सनसेट यलो. हलाल-हरामचा प्रश्न नाही, म्हणून नजर पुढे सरकते. पण हलालच्या जोडीला तय्यिबही आहे ना?

२००७ साली इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने ३ आणि ८-९ वर्षांच्या मुलांना असे रंग व सोडियम बेन्झोएट घातलेले पेय दिले. काहींची चंचलता वाढली, सगळ्यांची नव्हे. २०१० पासून युरोपात अशा पदार्थांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे हे रंग ठरलेल्या मर्यादेत चालतात.

मनमाडात धान्याची एवढी मोठी गोदामे, आणि मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांना दिसतात मुलांची केशरी बोटे! त्याहून मोठे दुखणे म्हणजे उपाशी पोट. न खाता आलेले मूल तिसऱ्या तासाला इम्ला लिहिताना अडखळते.

पालकसभेत आम्ही भाकरी-अंडे, शेंगदाणे-गूळ, खजूर सुचवले. एक अम्मी म्हणाल्या, "मॅडम, पहाटे यांची गाडी असते. डबा कधी करू?" प्रश्न खरा आहे. रात्री भिजवलेले हरभरे चहा होईपर्यंत कुकरमध्ये शिजतात, एवढे आम्ही त्यांना सांगितले.